स्नो मोडला नावं ठेवू नका, नाव ठेवा

पिंपळे गुरवमध्ये डायनासोर आहेत, बर्फ नाही. राजमाता जिजाऊ उद्यानात डायनासोरचे पुतळे उभे आहेत, म्हणून सगळं पिंपरी-चिंचवड त्या बागेला डायनासोर गार्डनच म्हणतं. बर्फ मात्र इथे रसवंतीत आणि मासळीवाल्याच्या खोक्यातच दिसतो. अख्ख्या महाराष्ट्राचा हिशेब केला तरी एखाद्या हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, पेपरात फोटो येतात आणि विषय संपतो. तरीही इथल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी फेरी मारा. तीन-चार गाड्यांत तरी गिअरच्या दांड्याजवळ एक गोल खटका असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं ‘स्नो’.

यावरचा विनोद ठरलेला आहे. ‘काय रे, कृष्णा चौकात बर्फ पडला का?’ गाडीवाला कसनुसं हसतो. मग कोणीतरी म्हणतं की कंपन्या आपल्याला येडं बनवतात, आणि सगळे चहा संपवून घरी जातात.

माझं भांडण या विनोदाशी आहे. कारण ते बटण निरुपयोगी नाही. आपल्या पावसाळ्यात त्या खटक्यावरचा सगळ्यात कामाचा पर्याय बहुतेक वेळा तोच असतो. चुकीचं आहे ते त्याचं नाव. आणि त्या नावामुळे दोन गोष्टी होतात: ज्याला त्याची गरज आहे तो ते वापरत नाही, आणि जो वापरतो त्याला ते काय करणार नाही हे कोणी सांगत नाही. यातली दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते.

मी गाड्यांच्या कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर लिहितो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन कोडिंगमध्ये आलेल्या पुण्यातल्या हजारो जणांपैकी एक. त्यामुळे बटणाच्या मागे काय चालतं तिथून सुरुवात करतो.

बटण दाबल्यावर होतं काय?

आजकालच्या गाडीत ॲक्सिलरेटरचा पाय हा हुकूम नसतो, अर्ज असतो. तुम्ही पाय दाबता, सॉफ्टवेअर तो अर्ज वाचतं आणि इंजिनाकडून किती जोर घ्यायचा ते ठरवतं. स्नो मोडमध्ये हा अर्ज सावकाश मंजूर होतो. पाय तेवढाच दाबला तरी जोर हळूहळू येतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ती अनेकदा दुसऱ्या गिअरमध्ये निघते आणि वरचा गिअर लवकर टाकते. चाकाला झटका बसू नये, एवढाच उद्देश.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत आणखी एक गोष्ट होते. यातल्या बऱ्याच गाड्या एरवी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालतात. पुढची घसरायला लागली की मागच्यांकडे जोर पाठवतात. स्नो मोडमध्ये मागच्या चाकांना आधीच कामाला लावलं जातं, घसरण्याची वाट न पाहता. आणि एखादं चाक जागेवर फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल त्याला लगेच आवरतं: त्या चाकाला ब्रेक, इंजिनाचा जोर कमी.

मड मोड याच्या उलट वागतो. खोल चिखलात चाक थोडं फिरू द्यावं लागतं, म्हणजे टायरच्या नक्षीत भरलेला चिखल उडून जातो आणि खालची घट्ट जमीन लागते. तिथे जोर तोडला की गाडी बसलीच. सँड मोडही चाकाला फिरायची मोकळीक देतो, कारण वाळूत गती तुटली की चाक खाली रुतत जातं.

आता जुलैमधला चाकण-तळेगाव रस्ता डोळ्यांसमोर आणा. खाली डांबर किंवा काँक्रीट, म्हणजे घट्ट. वर डंपरच्या चाकांनी आणलेल्या मातीचा पातळ थर, त्यावर रिमझिम. किंवा पहिल्या वळवाच्या सरीनंतरचा नाशिक फाटा: महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि तेल पाण्यात कालवून रस्त्यावर साबण पसरल्यासारखं झालेलं. किंवा ताम्हिणीतलं शेवाळलेलं वळण. खाली घट्ट, वर निसरडं. बर्फाळ रस्ताही असाच असतो, म्हणून स्नो मोडची सगळी गणितं या रस्त्यांनाही लागू पडतात.

पण गाडीवाला काय करतो? तो विचार करतो: बर्फ तर नाही, पाऊस आहे, पाऊस म्हणजे चिखल, चिखल म्हणजे मड. आणि ओल्या डांबरावर मड मोड लावतो. म्हणजे चाकाला फिरायची जास्त मोकळीक अगदी तिथे देतो, जिथे ती द्यायला नको. तोच माणूस मुळशीकडच्या प्लॉटवर फूटभर गाळात अडकला आणि घाबरून स्नोवर गेला, तर गाडी जोर तोडत राहते आणि तो म्हणतो, पाय दाबतोय तरी ऐकत नाही. दोन्ही वेळा माणसाचा तर्क बरोबर असतो. खटक्यावरचं नाव त्याला फसवतं.

हे नाव आलं कुठून?

२००४ साली लँड रोव्हरने डिस्कव्हरी ३ या गाडीत टेरेन रिस्पॉन्स नावाची व्यवस्था आणली. एकच गोल खटका, त्यावर रस्त्याचे प्रकार. त्यातला एक होता ‘गवत, खडी, बर्फ’. तिन्ही एकत्र, कारण त्या इंजिनिअरांना नेमकं हेच म्हणायचं होतं: खाली घट्ट, वर निसरडं. इंग्लंडमध्ये ओलं गवत रोजचं, बर्फ अधूनमधून. त्यांच्या घरासमोर जे होतं ते त्यांनी खटक्यावर लिहिलं. यात काहीच वावगं नाही.

२०११ मध्ये लँड रोव्हरची फ्रीलँडर २ टाटांच्या पुण्यातल्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. मग जानेवारी २०१९ मध्ये टाटांची हॅरियर आली. तिचा सांगाडा लँड रोव्हरच्याच मांडणीवरून घेतलेला, जन्म मात्र पुण्याचा. गाडी पुढच्या दोन चाकांवर चालणारी, आणि तिच्या खटक्यावर तीन शब्द: नॉर्मल, रफ, वेट. वेट म्हणजे ओला! शब्द इंग्रजीच, पण आपल्या रस्त्यावरचा. मला तो खटका फार आवडतो. कोणीतरी टेबलावर बसून विचार केला असणार की ही गाडी घेणारा माणूस कुठे राहतो.

२०२५ मध्ये हॅरियरचा विजेवर चालणारा अवतार आला, दोन मोटरींचा, चारही चाकं फिरवणारा. त्यात सहा मोड आहेत आणि त्यात ‘वेट’च्या जागी ‘स्नो/ग्रास’ आहे. गाडी जास्त ताकदीची झाली आणि शब्द परत इंग्लंडला गेला. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये लँड रोव्हरसारखंच गवत, खडी, बर्फ हे त्रिकूट. रांजणगावात बनणाऱ्या जीप कंपासमध्ये ऑटो, स्नो, सँड, मड. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रकारात ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक. आणि सुझुकी स्वतःच सांगते की हा स्नो मोड बर्फाबरोबर कच्च्या आणि इतर निसरड्या रस्त्यांसाठीही आहे. म्हणजे कंपनीला माहीत आहे, माहितीपुस्तिकेला माहीत आहे. फक्त बटणाला माहीत नाही, आणि माणूस बटण वाचतो.

गंमत इथेच थांबत नाही. २०२०च्या क्रेटाच्या वरच्या ऑटोमॅटिक प्रकारांतही स्नो, मड, सँड आले. ही आपल्याकडे पुढच्या दोन चाकांवर चालणारी गाडी. तिथे स्नो म्हणजे इंजिनाचा जोर आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांची वेगळी जुळवणी. मागच्या चाकांना जोर पोचवायची सोयच नाही. यात खोटं काही नाही. पण ‘स्नो’ वाचून माझी गाडी फोर-बाय-फोर आहे असं ठामपणे सांगणारी माणसं मला पार्किंगमध्ये भेटली आहेत.

निघणं आणि थांबणं

आता मुख्य मुद्दा. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो तो निघायला आणि चढायला. थांबायला चारही चाकं अल्टोलाही आहेत.

ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांवर असतात. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारमध्ये एबीएसही आहे. म्हणून थांबण्याच्या बाबतीत पाच लाखांची हॅचबॅक आणि तीस लाखांची एसयूव्ही यांच्यात फरक पाडतात ते टायर, ब्रेक, वजनाची वाटणी आणि वेग. स्नो मोड लावल्याने ब्रेकचं अंतर कमी होत नाही. वळणावर टायरची पकड वाढत नाही. पकड ही टायर आणि रस्ता यांच्यातली गोष्ट आहे. सॉफ्टवेअर ती नीट खर्च करू शकतं, कमवू शकत नाही.

अकरावीचं फिजिक्स आठवा. वेगाचा वर्ग भागिले दोनदा घर्षण गुणांक गुणिले गुरुत्व त्वरण. ताशी ६० किलोमीटरला, कोरड्या डांबरावर गुणांक ०.८ धरला तर गाडी सुमारे १८ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर ०.५ धरला तर २८ मीटर. दाबलेल्या बर्फावर ०.२ धरला तर ७१ मीटर. गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ धरला तर १४२ मीटर. यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. त्या एका सेकंदात आणखी जवळजवळ १७ मीटर जातात. या सूत्रात ‘किती चाकांना इंजिनाचा जोर मिळतो’ याला जागाच नाही. शोधून बघा.

जाहिरातीत मात्र सगळं निघण्याचंच दिसतं. १९८६ मध्ये ऑडीने फिनलंडमधल्या कायपोला इथे बर्फात स्कीच्या उडीसाठी बांधलेल्या उतारावर आपली क्वाट्रो गाडी खालून वर चढवून दाखवली. ती जाहिरात अजूनही लोक बघतात. तेव्हापासून चाळीस वर्षं गाड्या डोंगर चढताहेत, नदी ओलांडताहेत, वाळू उडवताहेत. एकही गाडी ओल्या रस्त्यावर वेळेत थांबून दाखवत नाही, कारण थांबणं विकलं जात नाही.

याहून वाईट म्हणजे, सहज निघणारी गाडी एक खबर लपवते. साधी पुढच्या चाकांची गाडी पावसात सोसायटीच्या रॅम्पवर जरा घसरते, चाक किरकिर करतं, आणि चालवणाऱ्याच्या मनात नोंद होते: आज रस्ता वाईट आहे, जपून. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी स्नो मोडमध्ये त्याच रॅम्पवरून लोण्यासारखी वर जाते. रस्ता तेवढाच वाईट असतो, पण खबर पोचत नाही. मग तो माणूस बाणेरच्या उड्डाणपुलावर ऐंशीने जातो आणि पहिल्यांदा ब्रेक मारतो तेव्हा त्याला कळतं. आमच्या धंद्यात कोणी एरर दुरुस्त न करता नुसता लॉग बंद केला तर त्याचा कोड परत येतो. इथे आपण तेच करतोय आणि वर त्याला फीचर म्हणतोय.

घाट उतरताना आणखी एक फरक पडतो. स्नो मोडमध्ये ऑटोमॅटिक गाडी वरचा गिअर धरून ठेवायला बघते. चढताना ठीक, पण उतारावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा अडसर कमी मिळतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वरंधा किंवा ताम्हिणी उतरताना गिअर हाताने खालचा ठेवावा लागतो, किंवा गाडीत असेल तर उतारावर वेग धरून ठेवणारं वेगळं बटण लावावं लागतं. मी शहरातल्या एका शोरूममध्ये याबद्दल विचारलं. विकणाऱ्या मुलाने मान हलवली आणि मला सनरूफ उघडून दाखवलं. त्याचा दोष नाही. त्याला सनरूफच शिकवलंय.

मनालीत काय होतं

‘पण आम्ही खरंच बर्फात जातो’ असं म्हणणारे आता खूप आहेत, आणि ते खरं बोलतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि भर हिवाळ्यातही लाहौल मनालीपासून तासाभराच्या टप्प्यात आलं. नाताळच्या सुट्टीत तिथे एमएच १४च्या पाट्या दिसतात. बर्फ पडला की पोलीस पुढे फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. तिथे आपला माणूस स्नोवर खटका फिरवतो आणि छाती पुढे काढून निघतो. चढतोही. मग संध्याकाळी तोच रस्ता उतरायचा असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या बर्फात अडकल्या. उतारावर गोठलेल्या थरावरून गाडी निघाली की ती दोन चाकांची आहे की चार चाकांची, हे बघायला बर्फ थांबत नाही. तिथे उपयोगी पडतात त्या टायरवरच्या साखळ्या, किंवा हिवाळी टायर. आपला नेहमीचा टायर थंडीत कडक होतो, साधारण ७ अंशांखाली त्याची पकड उतरत जाते. हिवाळी टायरचं रबर तेव्हाही मऊ राहतं. ज्या देशांत खरोखर बर्फ पडतो तिथला कायदा म्हणूनच मोडबद्दल बोलत नाही, टायरबद्दल बोलतो. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर जायचं तर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायरच हवेत, नाहीतर दंड. आपण मात्र ऑल-व्हील-ड्राइव्हसाठी लाखांत जास्त पैसे मोजतो आणि टायर गोटा झाले तरी ‘अजून एक पावसाळा काढतील’ म्हणतो. १.६ मिलिमीटर ही नक्षीची किमान खोली नियमात आहे. पार्किंगमध्ये ती कितींनी मोजली असेल?

नावात काय आहे?

यावर तीन आक्षेप येतात, आणि ते मित्रांकडूनच येतात.

पहिला: जगभर एकच गाडी विकायची तर नाव एकच हवं, वेगळं करणं परवडत नाही. मी यावर हसतो, कारण मी स्वतः जर्मन आणि फ्रेंच शब्दांच्या फाइल तपासल्या आहेत. एक जर्मन शब्द पडद्यावरच्या चौकटीत मावत नव्हता म्हणून आमच्या दोन टीम आठवडाभर मेल लिहीत होत्या. आता बहुतेक मोडचं नाव खटक्याबरोबर पडद्यावरही येतं. तिथलं नाव बदलणं म्हणजे एका फाइलमधली एक ओळ बदलणं. जर्मन गिऱ्हाइकासाठी ती बदलणारी माणसं हिंजवडीत बसतात. मोशीच्या गिऱ्हाइकासाठी बदला असं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

दुसरा: हा मराठीचा अट्टाहास आहे. नाही. ‘वेट’ किंवा ‘स्लिपरी’ लिहिलं तरी माझं भांडण मिटेल. पण मराठीचा विषय निघालाच आहे तर ऐका. आपल्या भाषेत निसरडं वेगळं आणि गाळ वेगळा. निसरड्यावर पाय सरकतो, गाळात पाय रुततो. शेताच्या बांधावरून चाललेल्या कुठल्याही आजीला हा फरक विचारा; निसरड्यावर ती पावलं बारीक आणि हळू टाकायला सांगेल, गाळात पाय जोराने उपसून न थांबता पुढे जायला सांगेल. स्नो मोड आणि मड मोड यांचं अख्खं स्पेसिफिकेशन या दोन वाक्यांत आहे. खटक्यावर ‘निसरडं’ आणि ‘गाळ’ लिहिलं तर माहितीपुस्तिका उघडायची गरजच उरणार नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: नाव बदलून माणसं वाचतात का? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. म्हणजे खरा आजार वेग आहे, बटण नाही. मान्य. पण वेग कुठून येतो? गाडी सांभाळून घेईल या भरवशातून येतो. ‘स्नो’ हा शब्द तोच भरवसा देतो: बर्फातही चालते, मग या पावसाचं काय! ‘निसरडं’ हा शब्द भरवसा देत नाही, सावध करतो. बटण दाबताना माणसाने मनात ‘रस्ता निसरडा आहे’ एवढं वाक्य म्हटलं तरी त्याचा पाय थोडा वर येतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. कंपन्यांनी पडद्यावर मोडचं नाव आपल्या रस्त्याचं द्यावं, आणि त्याच पडद्यावर एक ओळ लिहावी: या मोडमुळे ब्रेकचं अंतर कमी होत नाही. गाडी ताब्यात देताना हार-पेढे आणि फोटो झाले की दहा मिनिटं खटका समजावून द्यावा. आणि लायसन्सच्या चाचणीत आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर थांबून निघणं याबरोबर ओल्या पट्ट्यावर ब्रेक मारणंही असावं. भोसरीत सीआयआरटी आहे, पुण्यात एआरएआय आहे. गाड्यांची परीक्षा घेणाऱ्या संस्था आपल्या दारात आहेत. माणसाची एक परीक्षा पाणी शिंपडून घ्यायला फार खर्च येणार नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? पाऊस आणि घट्ट रस्ता असेल तर स्नो लावा, लाजू नका. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकलं तर ती तुम्हाला पोचलेली खबर आहे, वेग कमी करा. टायरची नक्षी मोजा. आणि पुढची गाडी घ्यायला जाल तेव्हा किती मोड आहेत हे विचारू नका. विचारा: ही ओल्या रस्त्यावर साठच्या वेगाने किती मीटरांत थांबते? उत्तर मिळालं नाही, तर सनरूफ बघण्याआधी उत्तर येईपर्यंत तिथेच बसून राहा.